सुरजची नवी डिव्हिजन

राधाकिशननं बावीस वर्षं रणगाड्यावर गनरची नोकरी केली. दफादार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यानं धारूरजवळच्या गावी शेरडं पाळली. त्याचा मुलगा सुरज त्याच्याच जुन्या रेजिमेंटमध्ये रणगाडा चालवायचा. बायको रोहिणीच्या बाळंतपणासाठी तो रजेवर आला आणि चौथ्याच दिवशी सीमेवर लढाई जुंपली. रजा रद्द झाली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात रोहिणीला सोडून तो निघाला. मांजरसुंब्याला बापानं त्याला गाडीत बसवलं.

पाच दिवसांनी फोन आला.

"आबा, आमचं स्क्वाड्रन रेजिमेंटमधून काढलंय. नवी आर्मर्ड डिव्हिजन उभी करायलेत. इकडचं तिकडचं उचलून जमवायलेत."

"आन तुझ्या टँकातली माणसं? तीच हायेत ना?"

"न्हाई. गनर बदलला, कमांडर बी. गुरमीत म्हणून हाय. कालच बघितला त्याला."

फोन ठेवून राधाकिशन ओट्यावर बसला.

"कावून गप झालात?" त्याच्या बायकोनं, छबुबाईनं विचारलं.

"ड्रायव्हर खाली बसतो, त्याला समोरचं जरासंच दिसतं. कमांडर हेडफोनवर कानात सांगतो तसं चालवायचं. त्याचा आवाज वळखीचा व्हायला महिने लागतेत."

"दोन कळप एकत्र केले तर आठ दिवस शेरडं ढुशा देतेत. सायबांना एवढं कळत न्हाई?"

"कळतं. पर त्यांच्याकडं आठ दिवस न्हाईत."

रेजिमेंटच्या ऑफिसात त्याच्या हाताखाली तयार झालेला सुंदरराव होता. राधाकिशननं त्याला फोन लावला. पोराला जुन्या माणसांबरोबर ठेवता येईल का, एवढंच विचारलं.

"दफादारसाहेब, यादी वरून आली," सुंदरराव म्हणाला. "माझा पुतण्या बी त्याच यादीत हाय. मी काय करू?"

त्यानंतर सुरजचा फोन बंद झाला. रोहिणीला मुलगी झाली, पण ते त्याला कळवायला वाट नव्हती. राधाकिशन रोज नंबर लावायचा. टीव्हीवर नकाशे आणि बाण दाखवायचे. घरात त्या बाणांचा अर्थ त्याला एकट्यालाच कळत होता, म्हणून त्यानं टीव्हीच बंद केला. गावात कुणी विचारलं, की "बरा हाय" म्हणायचा.

अकराव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरावरून सुरजचा आवाज आला.

"आबा, मी ठीक हाय."

राधाकिशन फोन घेऊन अंगणात आला.

"गुरमीत गेला, आबा. पुढं कोरडा कालवा होता. तो थांब म्हणत होता. कानात त्याचा, गनरचा आन रेडिओवरचा गलका. मला वाटलं, गनरच बोलायलाय. टँक कलंडला. तो वरच्या झाकणातून अर्धा बाहेर उभा होता."

"तुझी चूक न्हाई, बाळा."

"त्याचं गाव कोणतं, ते बी मला म्हाईत न्हाई."

राधाकिशन म्हणाला, "सुरज, तुला मुलगी झाली. रोहिणी चांगली हाय."

सुरज म्हणाला, "जातो आबा. टँक दुरुस्त झालाय. नवा कमांडर यायलाय."

"कोण हाय?"

"म्हाईत न्हाई."

फोन कट झाला. छबुबाई पदराला हात पुसत दारात आली.

"मुलगी झाल्याचं सांगितलं का? काय म्हणला?"

"खूश झाला," राधाकिशन म्हणाला आणि शेरडांकडे निघून गेला.