सतरा नंबरची पड

साहेबांनी ज्या टाचणीनं दात कोरले, तीच शर्टाला पुसून भिंतीवरच्या नकाशात खुपसली. सतरा नंबरच्या तुकड्यात.

"इथं वीजघराचं कोठार," ते म्हणाले. "सपाट जागा, रस्ता हाकेवर, झाडाचं नाव नाही. अजून काय पाहिजे?"

समोर उभी असलेली ती टाचणीकडे बघतच राहिली. टाचणीचं एक वेळ सोडा, पण सतरा नंबर! जंगलातल्या लाकडावर वीजघर चालवायचं ठरलं, तेव्हा कुठं किती लाकूड आहे ते मोजायचं काम तिच्याकडे आलं होतं. दोन वर्षं ती तुकड्यातुकड्यानं जंगल पायी फिरली. झाडाला छातीच्या उंचीवर फीत गुंडाळायची, घेर लिहायचा, पुढच्या झाडाकडे जायचं. सतरामध्ये एका झाडाला तर फीतच पुरली नव्हती. आणि हा माणूस म्हणत होता झाडाचं नाव नाही.

"साहेब, सगळ्यात जुनं जंगल सतरामध्येच आहे."

"अस्सं? मग हे तुमच्या कागदावर 'पड' कुणी लिहिलं? मी?"

त्यांनी तिचाच तक्ता तिच्यापुढे सरकवला. अक्षर तिचंच होतं. चिखलाच्या बोटांनी लिहिलेलं, पण स्वच्छ: पड, पड, भरपूर पड.

तिला सगळं एका दमात उमगलं. तक्त्यात उभ्या झाडांचा एक रकाना होता आणि खाली आडव्या पडलेल्या लाकडाचा दुसरा. त्या दुसऱ्याला तिनं नाव दिलं होतं 'जमिनीवर'. तिचे सासरे जन्मभर लाकडाच्या वखारीत होते. सुट्टीच्या दिवशी ते हौसेनं फीत धरायला यायचे. एखाद्या ओंडक्याला लाथ मारून सांगायचे, "पड लिही, सूनबाई." त्यांच्या वखारीत पडलेल्या लाकडाला पडच म्हणत. तिनंही तेच लिहिलं. इकडे ऑफिसात नकाशेवाल्यानं 'जमिनीवर'चं नुसतं 'जमीन' करून टाकलं. जमीन पड म्हटल्यावर ओसाड माळ ठरायला कितीसा वेळ? वरून काढलेल्या चित्रात तो तुकडा काळसर हिरवा दिसत होता, पण तिकडे बघतो कोण!

तिनं हे सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"कळलं हो," ते म्हणाले. "मी काय दूधखुळा आहे? पहिल्यांदा चित्र बघितलं तेव्हाच कळलं होतं. पण पाटी रंगवून झाली, गुरुवारी मंत्री यायचेत. तुमच्या सासऱ्यांच्या एका शब्दासाठी आता त्यांना पुढच्या वर्षी या म्हणू?"

"साडेचारशे झाडं आहेत तिथं."

"मग बरंच झालं की! कोठारात लाकूडच भरायचंय. आणायची कटकट वाचली."

स्वतःच्याच विनोदावर ते पोट हलवून हसले. कोपऱ्यातला नकाशेवालाही हसला, अर्धवट चावलेलं बिस्किट तोंडात तसंच ठेवून. तिला दोघांचीही किळस आली. न कळणाऱ्या माणसाला निदान सांगता तरी येतं.

साहेबांनी एक दाखला पुढे केला. 'सतरा नंबरमधील जागा पड असल्याचे मी स्वतः पाहिले आहे.' खाली दोन सह्यांची जागा होती, वरची मोजणी करणाऱ्याची आणि खालची साक्षीदाराची.

"तुम्हाला नोकरीत कायम करायचा कागद माझ्याच खणात पडून आहे, नाही का?" ते सहज बोलल्यासारखं बोलले आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

घरात कुणाचा एक शब्द ऐकून न घेणारी ती, तिथं मात्र मूग गिळून बसली. तिनं सही केली. अक्षर वाकडं आलं असतं तरी बरं वाटलं असतं. पण सही नेहमीसारखी वळणदार आली, आणि त्याचीच तिला शिसारी आली.

संध्याकाळी बसमध्ये तिनं मनाशी ठरवलं. पड म्हणजे काय हे ठामपणे सांगू शकणारा एकच माणूस आहे. सासऱ्यांकडून चार ओळी लिहून घ्यायच्या आणि थेट वरच्या कार्यालयात द्यायच्या. नाव त्यांचं राहील. आपलं कुठं यायची गरज नाही. तिला हायसं वाटलं. मग म्हाताऱ्याला पुढं ढकलून आपण मागं दडायचं हे ध्यानात आलं, आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी सासरे टेबलाशी बसले होते. दाढी घोटलेली, अंगात धुतलेला शर्ट.

"तुमच्या ऑफिसची गाडी आली होती, खास माझ्यासाठी!" ते म्हणाले. "जाणकार माणूस हवाय म्हणे. हे बघ, मला एक प्रतसुद्धा दिली."

तिनं कागद ओढूनच घेतला. तोच दाखला. साक्षीदाराच्या जागी त्यांची सही होती, मोठी, ठसठशीत.

"बाबा, काय केलंत हे?"

"का? खोटं काय आहे त्यात? पड आहेच की तिथं. पाय ठेवायला जागा नाही."

"अहो, ते पड नव्हे! ओसाड जमीन म्हणून लिहिलंय ते. तिथं कोठार बांधणारेत. सगळं कापणार."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "सगळं? आपली फीत पुरली नव्हती, तेसुद्धा?"

"सगळं म्हणजे सगळं!" सकाळी जो आवाज फुटला नव्हता तो आता फुटला. "कुणीही यावं, कागद पुढे करावा आणि तुम्ही डोळे मिटून सही करावी? एवढे पावसाळे बघितलेत, एक शब्द विचारता आला नाही? कशाला हवीय सही, एवढं तरी?"

शर्टाचं वरचं बटण त्यांनी उगाच काढलं, पुन्हा लावलं.

"विचारलं की गं," ते म्हणाले. "तर त्या गाडीतल्या माणसानं वर बोट ठेवून तुझी सही दाखवली. म्हटलं, मग कशाला विचारायचं?"