दोन बोटे बाहेर

मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, टेनिसच्या पंचांची उंच खुर्ची. मला पाच पायऱ्या आहेत आणि बसायला ओकची रुंद फळी आहे. माझ्यावर बसलेल्या माणसाला सगळे मैदान दिसते. मला त्याच्यापेक्षा जरा जास्तच दिसते, कारण त्याचे अर्धे लक्ष डासांकडे आणि जेवणाच्या वेळेकडे असते. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी स्वभावाने संशयी आहे. कोणी माझ्या पायऱ्या पुसू लागला, तरी याला आज काय हवे असेल, हाच विचार माझ्या मनात पहिला येतो.

याला कारण आहे. माझा जन्मच संशयास्पद आहे. ब्रॅइला शहरात, डॅन्यूब नदीच्या काठी, बोटींचा एक कारखाना होता. तिथल्या सुताराने ओकच्या फळ्या सायकलला बांधून, वर चादर टाकून, एकेक करून बाहेर आणल्या आणि गावातल्या टेनिस क्लबासाठी मला बनवले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला कधी विचारले कसे नाही, हे मला अजून कळलेले नाही. त्यालाही काहीतरी मिळाले असणार.

माझ्यावर बसणारे पहिले पंच म्हणजे पर्वू साहेब. त्यांच्या वहीत पुढच्या पानापासून गुण लिहिलेले असत आणि मागच्या पानापासून, सरकारला कळवण्यासाठी, कोण कोणाशी काय बोलले ते. इतरांच्या गावात भिंतीला कान असतील, आमच्याकडे मैदानालाही होते. मग ते सरकार पडले. पर्वू साहेब चार महिने दिसले नाहीत, आणि नंतर एका सकाळी काहीच न घडल्यासारखे येऊन माझ्यावर बसले. लोकांनी त्यांना कॉफीसुद्धा दिली. तेव्हापासून माणसांच्या हसण्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आता आमच्या मैदानाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचे कळेल. आमचे मैदान तांबड्या मातीचे आहे. चेंडू पडला की मातीवर ठसा उमटतो. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, असा वाद झाला तर पंच माझ्यावरून खाली उतरतात, ठशाजवळ वाकतात आणि निर्णय देतात. म्हणून खेळाडूने ठशाला हात लावायचा नाही. वाद मिटण्याआधी ठसा पुसला, तर पुसणाऱ्याचा गुण गेला. नियम साधा आहे आणि तो जगातल्या सगळ्या मातीच्या मैदानांवर चालतो.

पण आमच्या मैदानावर आणखी एक नियम होता, तो त्रायानचा. त्रायान म्हणजे मैदान राखणारा माणूस. आमच्याकडे वडीलधाऱ्याला 'नेआ' म्हणतात, म्हणून सगळी मुले त्याला नेआ त्रायान म्हणत. सकाळी पाच वाजता उठून तो माती चाळायचा, पाणी मारायचा, झाडू ओढायचा. कोणी मातीत खड्डा करून तसाच निघून गेला की त्याच्या अंगाची आग व्हायची.

"ए, तुझ्या आजीच्या शेतात आहेस का तू?" तो ओरडायचा. "पायानं सारखं कर ते. खड्डे ठेवून जायला हे काय कबरस्तान आहे?"

स्मारांडा गिनेआ ही सहा वर्षांची मुलगी क्लबात आली तेव्हा ती पहिल्या दिवशी चेंडू मारायला नव्हे, ठसे पुसायला शिकली. गुण संपला की डाव्या पायाचा बूट दोनदा फिरवायचा, मग पुढे जायचे. त्रायान तिच्यावर खूश होता. मला मात्र तिचा संशय यायचा. एवढी गुणी मुलगी असते का कुठे? मी वर्षभर तिची चूक शोधत होते. ती एकदाच सापडली. सूर्यफुलाच्या बिया खाऊन तिने टरफले माझ्या पायाशी टाकली होती.

ती मोठी झाली आणि तिचा बॅकहँड पाहायला लोक फाटकापाशी थांबू लागले. ती एकोणीस वर्षांची असताना आमच्या क्लबात व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा झाली. अगदी खालच्या पातळीची, पण स्पर्धा खरी. अंतिम सामना स्मारांडा आणि योलांडा यांच्यात होता. योलांडा ही क्लबाचे अध्यक्ष माव्रोदिन यांची पुतणी. अध्यक्षांनी त्या दिवशी पांढरा सूट घातला होता. सामना संपण्याआधीच फुलांचा गुच्छ कोणासाठी मागवला असेल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तिसऱ्या सेटमध्ये स्मारांडा पाच-चार अशी पुढे होती आणि मॅच पॉइंटही तिचाच होता. योलांडाने चेंडू जोरात मारला. तो स्मारांडाच्या बाजूला, उजव्या रेषेजवळ पडला. रेषेवरचा माणूस ओरडला, "आउट!" स्मारांडाने दोन्ही हात वर केले, रडायलाच लागली, आणि हस्तांदोलनासाठी जाळीकडे निघता निघता तिने डाव्या पायाचा बूट दोनदा फिरवला.

त्याच क्षणी योलांडा म्हणाली, "मला ठसा बघायचाय."

पंच माझ्यावरून उतरले. तिथे गेले. माती सारखी केलेली होती, हाताने लिंपल्यासारखी.

"ठसा कुठाय?" त्यांनी विचारले.

"मी... पुसला," स्मारांडा म्हणाली. "सामना संपला होता ना."

"संपला की नाही ते मी सांगतो. का पुसलास?"

"सवय आहे, साहेब."

प्रेक्षकांत कोणीतरी हसले. पंचांनी नियमाप्रमाणे गुण योलांडाला दिला. मी त्यांना दोष देत नाही, नियमच तसा आहे. तो गेम आणि पुढचे दोन स्मारांडाने रडत रडत गमावले.

मित्रांनो, मी तो चेंडू पाहिला होता. तो रेषेच्या बाहेर पडला होता, चांगली दोन बोटे बाहेर. तेवढी माती रेषा आणि ठसा यांच्यामध्ये कोरडी आणि स्वच्छ दिसत होती. माझ्या साऱ्या आयुष्यात ज्या गोष्टीबद्दल मला काडीचाही संशय नव्हता, ती हीच एक. पण खुर्चीला कोण विचारतो?

बोलायला एक माणूस होता, त्रायान. चेंडू त्याने पाहिला नव्हता, तो तेव्हा पाण्याचा पाइप गुंडाळत होता. पण सवय खरी आहे, ती मीच लावली, एवढे त्याला सांगता आले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष माझ्यापाशी येऊन त्याच्याशी बोलले.

"त्रायान, लोक काय काय बोलतात. तू कुणाच्या भानगडीत पडत नाहीस, म्हणून मला आवडतोस."

"माझं काम मातीचं, साहेब," त्रायान म्हणाला.

"तेच तर. मातीचं बघ."

त्याने मातीचेच बघितले. आठवड्याभरात गावाने स्मारांडाचे नाव ठेवले, खोडरबर. बाजारात, ट्राममध्ये, नदीकाठच्या पायवाटेवर. "खोडरबर चालली बघ." सामना हरल्याचे दुःख महिनाभरात जिरते. हे नाव काही जिरेना. ती पिशवी भरून बाहेर पडली आणि पुढची तेरा वर्षे आमच्या मैदानावर खेळली नाही.

तिची कारकीर्द मला ऐकून ऐकून कळली. तुर्कस्तानात उन्हाळाभर छोट्या स्पर्धा, मग इजिप्त, मग कुठे कुठे. एका खोलीत तिघी, तव्यावर अंडी, हाताने धुतलेले कपडे. सव्विसाव्या वर्षी ती जगात चौऱ्याहत्तरावी झाली. पॅरिसला तिची पहिली फेरी होती तेव्हा क्लबाच्या बारमधला टीव्ही खिडकीतून मलाही दिसत होता. पडद्यावर एक चेंडू रेषेजवळ पडला. स्मारांडा लगेच चार पावले मागे सरली, रॅकेट पाठीमागे धरून, दोन्ही पाय जुळवून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी उभी राहिली. पंच येऊन बघून जाईपर्यंत हललीसुद्धा नाही.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे कोणालाही कळले असते. बारमध्ये मात्र हशा पिकला.

"बघा, बघा. हात मागं बांधलेत."

"चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?"

"आतच होता तो चेंडू तेव्हा. मी सांगतो ना, मी समोर बसलो होतो."

हे बोलणारा माणूस त्या दिवशी शहरातही नव्हता. हळूहळू असे समोर बसलेले लोक वाढत गेले. मोजायला गेले तर तेवढ्या आमच्याकडे खुर्च्याच नव्हत्या.

पुढे तिचा खांदा गेला. शस्त्रक्रिया झाली, क्रमांक चारशेच्या पलीकडे घसरला. बत्तिसाव्या वर्षी तिने क्लबाला पत्र लिहिले की, मला शेवटची स्पर्धा माझ्या गावात खेळायची आहे. क्रमांकाच्या जोरावर तिला प्रवेश मिळत नव्हता. क्लबाने आपल्या हक्काचे वाइल्ड कार्ड दिले, तरच ती खेळू शकत होती.

समितीची बैठक माझ्या शेजारीच, छत्रीखाली झाली. अध्यक्ष अजून माव्रोदिनच होते, फक्त पांढरा सूट आता पोटावर बसत नव्हता.

"तिला बोलावलं तर लोक हसतील," ते म्हणाले. "क्लबाच्या नावाचा प्रश्न आहे."

तेवढ्यात त्रायान काठी टेकत आला. त्याला निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती. त्याने टोपी काढली, पण तो बसला नाही.

"मला एक सांगायचंय. ठसा पुसायची सवय तिला मी लावली. सहा वर्षांची असल्यापासून. पुसल्याशिवाय मी कुणाला पुढं जाऊ देत नव्हतो. तिनं लपवायला पुसला नाही."

"तेरा वर्षांनी आठवलं?"

"आठवत रोजच होतं, साहेब. तोंड उघडत नव्हतं. तुमची भीती होती."

"तिनं पाठवलंय तुला?"

"तिला माहीतसुद्धा नाही. ती माझ्याशी बोलतही नाही."

मग खजिनदार म्हणाले की काही झाले तरी ती आली तर गर्दी होईल. तेव्हा अध्यक्षांनी मान हलवली. वाइल्ड कार्ड न्यायासाठी दिले की गर्दीसाठी, हे मला माहीत आहे, आणि तुम्हीही ओळखले असेल.

स्मारांडा आली. पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीत यासी शहराच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीकडून तीन सेटमध्ये हरली, पण असा बॅकहँड मारून हरली की अध्यक्षसुद्धा उठून उभे राहिले. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. त्रायानने काय सांगितले ते एव्हाना सगळ्या गावाला कळले होते. तरी माझ्या मागच्या रांगेतली एक बाई टाळ्या वाजवता वाजवताच शेजारणीला म्हणाली, "म्हाताऱ्याला काहीतरी दिलं असणार हिनं." संशय माझ्या ओळखीचा आहे. पण त्या दिवशी मला त्याची किळस आली.

लोक गेले. संध्याकाळचे ऊन मातीवर होते. स्मारांडा माझ्या खालच्या पायरीवर बसून खांद्याला बर्फ लावत होती. त्रायान काठीवर दोन्ही हात ठेवून समोर उभा राहिला.

"मला माफ कर, पोरी."

"बसा, नेआ त्रायान."

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. तिने ते रागाने म्हटले नाही, म्हणून ते त्याला जास्त लागले. मग खांद्यावरचा बर्फ सरकवत ती म्हणाली, "तुम्ही सवयीचं सांगितलंत ते खरं आहे. पण एक सांगू? पाय फिरवायच्या आधी मी खाली बघितलं होतं का, ते मला आता आठवत नाही."

"म्हणजे?"

"आधी पक्कं आठवायचं. चेंडू बाहेर होता, मी जिंकले होते. पण तेरा वर्षं जो तो म्हणतोय आत होता, आत होता. आता डोळे मिटले की मला तो आतच दिसतो. कदाचित मी तो ठसा खरंच पाहिला असेल. कदाचित लपवलाही असेल. मलाच माझा भरवसा राहिला नाही."

"बाहेरच असणार ग," त्रायान म्हणाला.

"तुम्ही कुठं पाहिला? तुम्ही पाइप गुंडाळत होता."

त्रायान काठीच्या टोकाने माती सारखी करू लागला. उत्तर माझ्याकडे होते. तिच्या पाठीला माझे लाकूड टेकले होते आणि मला तिला सांगायचे होते की बाहेर होता, बाई, दोन बोटे बाहेर. हे सांगण्यासाठी मी तो चेंडू पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणला. मित्रांनो, तेव्हा मी घाबरले. ती कोरडी माती दोन बोटे होती की एक? की ठशाची कड रेषेला चाटून गेली होती? बारमधल्या त्या माणसाचे बोलणे मीही तेरा वर्षे ऐकले होते. मी ज्याची शपथ घेतली असती, तेही माझ्या हातून निसटले होते.

स्मारांडा उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि फाटकातून निघून गेली. पुढच्या आठवड्यात माझ्या जागी ॲल्युमिनियमची नवी खुर्ची येणार आहे. मला रंग द्या, छपराखाली ठेवा, असे मी मागणार नाही. लाकूड काय, कुठेही कुजते. मागायचे ते एवढेच आहे. एखाद्यावर आळ येत असेल आणि खरे काय ते तुम्ही पाहिले असेल, तर त्याच दिवशी, सगळ्यांसमोर उभे राहून सांगा. उद्यावर टाकू नका. मोठ्या माणसांना माझी भाषा कळत नाही, तुम्हा मुलांना कळते. ब्रॅइलाला कधी आलात आणि स्मारांडा भेटली, तर तिला सांगा की जुन्या खुर्चीने पाहिले होते, चेंडू बाहेर होता. मला आता खात्री नाही हे मात्र तिला सांगू नका.