तीन शून्यं कमी

शाळेत त्यांना सगळे विज्ञानाच्या बाई म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला गणिताचे सर. शिक्षक-जोड्यांच्या प्रश्नमंजूषेत दोघं अंतिम फेरीत पोचले, तेव्हा अख्खी शाळा हरखून गेली. जिंकणाऱ्या जोडीतल्या एकाला वेधशाळेत वर्षभर काम करायला मिळणार होतं. जायचं ते बाईंनीच, हे दोघांचं आधीच ठरलेलं.

तयारी सरांनीच करून घेतली होती. भाजी चिरताना विचारायचे, "प्रकाशवर्षाचे किलोमीटर?" कपडे वाळत घालताना, "मीटरचे नॅनोमीटर?" बाई अडखळल्या की हसायचे. "अगं, सोपं आहे. मिली, मायक्रो, नॅनो. दर पायरीला तीन शून्यं."

शेवटचा प्रश्न सरांच्या वाट्याला आला. जोडीदाराने मध्ये बोलायचं नाही, असा नियम.

"एका किलोमीटरमध्ये नॅनोमीटर किती?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. हा तर घरचाच प्रश्न!

"एकावर नऊ शून्यं," सर म्हणाले.

ते मीटरचे झाले. किलोमीटरला बारा लागतात. समोरच्या जोडीने बारा सांगितली आणि टाळ्या पडल्या.

घरी येईपर्यंत बाईच सरांची समजूत घालत होत्या. "होतं रे असं. दडपण येतं माणसाला." सर खाली मान घालून चालत राहिले.

दार सासूबाईंनी उघडलं. हरल्याचं कळताच त्यांनी सुनेचा हात धरला. "सुटले गं बाई! वर्षभर तुझ्यावाचून कसं निभलं असतं? हा सकाळीच म्हणाला होता, काळजी करू नकोस आई, हरूनच येतो."

चपला न काढता बाई दारातच बसल्या.

"मुद्दाम?"

"आईचं वय बघ ना," सर पुटपुटले. "मला एकट्याला हे सगळं..."

"मग तसं सांगायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

"भांडले असते. रडले असते. कदाचित राहिलेही असते. पण रस्ताभर मी तुझी समजूत काढत होते, आणि तू काढून घेत होतास!"

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. आपण काय बोलून बसलो, ते त्यांना आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी वेधशाळेला फोन लावला. एकटीला येता येतं का? येतं, पण निवड पुढच्या वर्षी, आणि परीक्षा अवघड असते. बाईंनी आपलं नाव लिहून घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी ते कळल्यावर सर हळूच म्हणाले, "या वेळी अगदी मनापासून तयारी करून घेईन."

"मागच्या वेळीही मला तसंच वाटलं होतं," बाई म्हणाल्या आणि पुस्तकं उचलून दुसऱ्या खोलीत गेल्या.