कागदावरचा फ्रीज

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. गार करण्याचं काम सोडून मला सात वर्षं झाली. सरकारी कागदावर मात्र मी परवापरवापर्यंत चांगला धडधाकट फ्रीज होतो, आणि त्या कागदानेच मला दमवलं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. एका दंतवैद्यांच्या स्वयंपाकघरात मी सतरा वर्षं राबलो. पाहुणे आले की घरातल्या बाई कौतुकाने सांगायच्या, "आमचा फ्रीज कधी कुरकुरत नाही हं!" मग एका उन्हाळ्यात माझा कॉम्प्रेसर बसला. दुरुस्तीवाल्याने नकारार्थी मान हलवली आणि कौतुक तिथेच संपलं. मी जिन्याखाली गेलो. वर्षभर कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिथून मला नेलं त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईने. तीच माझी नवी मालकीण. घर एका खोलीचं. नवरा वारलेला, दोन मुली आणि दम्याने बेजार झालेली सासू. शिवाय उंदरांनी उच्छाद मांडलेला. मालकिणीने मला धुऊनपुसून कोपऱ्यात उभं केलं. वरच्या कप्प्यात पीठ, मधल्यात मुलींच्या वह्या, खाली सासूबाईंच्या गोळ्या आणि मदतीचं कार्ड. त्या कार्डावर दर महिन्याला धान्य मिळायचं आणि दवाखान्यात औषधं फुकट. माझी वायर तुटलेली होती, पण दार अजून घट्ट लागायचं. खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यातली तीच सुखाची वर्षं.

मग एके दिवशी पाहणीसाठी एक शिक्षिका आल्या. कोण गरीब आहे आणि मदतीमुळे कोण वर आलं, हे सरकारला मोजायचं होतं, म्हणून भर सुट्टीत त्यांना घरोघरी पिटाळलं होतं. उन्हाने त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"फ्रीज आहे," त्या पुटपुटल्या आणि फॉर्मवर खूण केली.

"अहो ताई, बंद आहे तो! पीठ ठेवते मी त्यात," मालकिणीने घाईघाईने माझं दार उघडून दाखवलं.

शिक्षिकेने वाकून पाहिलं. त्यांचं पेन थांबलं. "दिसतंय हो मला. पण इथे फक्त आहे की नाही, एवढंच विचारलंय. चालतो का, हे विचारलेलंच नाही. मी तरी काय करू?"

चार महिन्यांनी पत्र आलं. 'सदर कुटुंब गरिबीतून बाहेर आले असल्याने मदत थांबवण्यात येत आहे.' थोरल्या मुलीने ते मोठ्याने वाचलं.

"बाहेर आलो म्हणजे कुठे आलो गं?" सासूबाईंनी विचारलं.

त्या दिवसापासून दोन वेळची गोळी त्या एकच वेळ घेऊ लागल्या. त्यांची धाप ऐकत मी दिवसभर कोपऱ्यात उभा असायचो. सतरा वर्षांच्या राबण्याने थकलो नाही, इतका मी त्या चार-सहा आठवड्यांत थकलो.

मालकिणीने कचेरीचे उंबरठे झिजवले. शेवटी एका कारकुनाला दया आली. "फेरतपासणी लावून देतो. पण ती वस्तू घरात दिसता कामा नये."

तिने एकेक कप्पा रिकामा केला. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं त्याला. माझं काय, आज आहे, उद्या नाही."

"काहीतरीच काय बोलता, आई! तुमच्यापुढे या खोक्याचं काय एवढं?" ती म्हणाली. भंगारवाला दारात उभा होता, तरी तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि पुसता पुसता तिला रडू फुटलं.

आता मी भंगाराच्या आवारात पडून आहे. धाकटी शाळेतून जाताना डोकावते. तिच्याकडूनच कळलं, तपासणी झाली, कोपरा रिकामा दिसला, कार्ड पुन्हा सुरू झालं. आजीची धापही कमी आहे. मला बरं वाटलं. वाईट एवढंच वाटतं की त्या घराच्या सगळ्यात जास्त उपयोगी मी पडलो, तो तिथून निघून जाऊन.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात तो फॉर्म येईल. तुम्हीही दमलेले असाल, अजून चाळीस घरं बाकी असतील. तरी माझं एवढं ऐका. कोपऱ्यात फ्रीज दिसला, तर खूण करण्याआधी आत हात घालून बघा, गार लागतंय का.