डागांचं सरकारी पुस्तक

तिला सगळे ‘सरकारी मावशी’ म्हणत. भाचरंच नव्हे, शेजारीण म्हणायची, दूधवाला म्हणायचा, जावईसुद्धा मागे म्हणायचा. नोकरीची सगळी वर्षं सरकारच्या गृहशास्त्र खात्यात गेलेली, आणि निवृत्तीनंतरही बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं आता खाली शिक्का उमटणार.

एके दिवशी त्या खात्यातून फोन आला. खात्याची सगळी जुनी प्रकाशनं सार्वजनिक डिजिटल ग्रंथालयात जमा करायची होती, म्हणजे कुणालाही घरबसल्या फुकट वाचता येतील. बाकीची सापडली होती. पण ‘घरगुती डाग आणि ते काढण्याचे उपाय’ या पुस्तिकेची औषधालासुद्धा प्रत नव्हती. गठ्ठेच्या गठ्ठे वाळवीने फस्त केले होते.

“तुमच्याकडे असेल का हो एखादी?”

मावशीकडे नव्हती. फोन ठेवून तिने लगेच लेकीला लावला, कारण ती पुस्तिका तिने स्वतः लिहिलेली. सरकारी पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं, खात्याचं असतं; त्यामुळे हे घरातल्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तरुणपणी खात्याच्या एका लांबट खोलीत बसून महिनोन्‌महिने तिने नुसते डाग पाडले होते. पांढऱ्या कापडाचे चौकोन, त्यांवर शाई, तेल, गंज, बीट, मेण. दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेले. खिडकीतून वारा आला की सगळे डाग एकदम फडफडायचे. साहेब दारातून डोकावून म्हणत, “आमचा डाग पडला तर पगार कापतात, आणि तुम्हाला डाग पाडायचा पगार!” साहेब गेले, खोलीचं आता भांडार झालं. राहिली होती ती पुस्तिका, आणि तीही आता जगात कुठे नव्हती.

लेकीने ऐकलं आणि म्हणाली, “आई, तसलं एक पुस्तक माझ्या सासूबाईंच्या कपाटात आहे. पण त्या हातातून सोडतील असं वाटत नाही.”

झालंही तसंच. विहीणबाईंनी निरोप धाडला, “पुस्तक उंबऱ्याबाहेर जायचं नाही. ज्याला फोटो काढायचेत त्याने इथे यावं.”

तेव्हा ग्रंथालयाचे ग्रंथपाल कॅमेरा आणि घडीचा स्टँड घेऊन विहीणबाईंच्या घरी आले. मावशीही आली. लेकीने कोरा चहा केला, कारण ग्रंथपालांना दूध सोसत नसे. विहीणबाईंनी पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पुस्तक ठेवलं. “लग्न झालं त्या वर्षी प्रदर्शनात मिळालं होतं हो. जिवापाड जपलंय.”

ग्रंथपालांनी पान उघडलं. समास शाईने नुसता बुजबुजलेला. भला माणूस, त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘शाईचा डाग दुधात भिजवावा.’ बाजूला शेरा आहे, ‘दूध गेलं, डाग राहिला.’”

मावशीची पाठ ताठ झाली.

“‘मेणाचा डाग.’ शेरा, ‘हे मात्र खरं.’ ‘चहाच्या डागावर ग्लिसरिन चोळून ठेवावे.’ शेरा, ‘ग्लिसरिन आणेपर्यंत डाग मुरला. हे लिहिणारीने जन्मात कपडा धुतलेला नाही. तिच्या सासूची दया येते.’”

विहीणबाई खदखदून हसल्या. “राग आला होता तेव्हा! कुठली कोण शहाणी, खुर्चीत बसून…”

स्वयंपाकघरातून लेक जोरात खोकली. पण उशीर झाला होता.

“ती शहाणी म्हणजे मी,” मावशी म्हणाली. “आणि माझ्या सासूबाईंची काही तक्रार नव्हती. घरातले कपडे त्याच धूत असत.”

विहीणबाईंचा चेहरा पडला. त्यांनी झडप घालून पुस्तक उचललं आणि काखेत मारलं. “नाही द्यायचं! साऱ्या जगाने वाचायचं का, मी विहिणीला काय काय बोलले ते? आधी हे सगळं खोडते.”

“खोडता येणार नाही, बाई,” ग्रंथपाल अजिजीने म्हणाले. “प्रत आहे तशी घेतो आम्ही.”

“मग राहू द्या!”

मावशी उठून उभी राहिली. इतक्या वर्षांचं तिचं सगळं काम विहिणीच्या काखेत, आणि वर तिनेच समजूत घालायची! आता माघार घ्यावी म्हणून ग्रंथपाल बिचारे स्टँड मिटायला गेले. स्टँडचा पाय कपाला लागला आणि सगळा चहा टेबलक्लॉथवर.

विहीणबाई फणकारल्या, “आणा आता ग्लिसरिन! आहे का कुणाच्या पर्समध्ये?”

“नाही,” मावशी म्हणाली. “तुमची रीत काय?”

“कळेल. पातेलं धरा.”

पातेल्याच्या तोंडावर डागाची जागा ताणून बांधली. किटलीत पाणी खळखळा उकळलं. विहीणबाई पदर खोचून स्टुलावर चढल्या, “सांभाळा हं, पडाल!” असं लेक ओरडत असतानाच त्यांनी उंचावरून धार धरली. डाग फिकटला, पिवळा झाला, गेला. मावशीने कापड खिडकीपाशी नेलं, उजेडात उलटसुलट पाहिलं, जसं ती त्या लांबट खोलीत पाहायची. कडासुद्धा दिसेना.

“हे कुठे लिहिलंय का तुम्ही?”

“त्याच पानावर, खाली.”

“आणि ते खोडायला निघालात? अहो, लोक माझं वाचतील आणि ग्लिसरिन शोधत बसतील. तुमचं खाली असलं तर निदान कापड वाचेल. मी बोलणी खायला तयार आहे, विहीणबाई. पण पुस्तक जाऊ दे.”

विहीणबाई स्टुलावरून हळूहळू उतरल्या. “आणि ते सासूबाईंचं लिहिलंय ते?”

“त्या वर बसून वाचतील. तेवढीच करमणूक.”

मग काय, विहीणबाई स्वतःच पानं दाबून धरायला बसल्या. ग्रंथपाल फोटो काढत होते, मावशी शेरे वाचून हसत होती. शेवटच्या पानावर मात्र विहीणबाईंचा अंगठा समासाच्या मधोमध येऊन बसला.

“बाई, अंगठा जरा…”

“असू दे. पान उडतंय.”

पंखा बंद होता. ग्रंथपालांनी मावशीकडे पाहिलं.

“काढा फोटो,” मावशी म्हणाली.

आज कुणीही ते पुस्तक उघडून पाहू शकतं. सगळी पानं स्वच्छ आली आहेत आणि शेवटच्या पानावर एक जाडजूड अंगठा आहे. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवते. अंगठ्याखाली काय आहे, असं सगळेच विचारतात.

“सरकारी प्रकाशन आहे,” मावशी म्हणते. “काही भाग गोपनीय असायचाच.”