वारा पडण्याआधी

ऑगस्टमधल्या एका लँडिंगला, धावपट्टी समोर दिसत असताना, समोरून येणारा वारा एकाएकी पाठीमागून वाहू लागला, विमानाचा वेग पडला, आणि विमान तात्काळ वर उचलायचं सोडून सहवैमानिक रिद्धी तीन सेकंद नुसती काट्यांकडे पाहत राहिली. कॅप्टनने ताबा घेतला म्हणून निभावलं. ठपका कुणी ठेवला नाही; पण त्यानंतर प्रत्येक उतरणीला तिचे हात जड व्हायचे, आणि नोव्हेंबरात सुट्टी घेऊन ती बदलापूरला आली तेव्हा नोकरी सोडायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं.

घरात बसवेना म्हणून ती बारवी धरणाजवळच्या पाड्यावर ओळखीच्या सखूकाकीकडे गेली. भात झोडून झालं होतं. काकी खळ्यात तिवईवर उभी राहून सुपातलं भात वाऱ्यावर सोडत होती. दाणे पायाशी पडत, फोलपटं लांब उडत. वारा पडला की दाणा नि फोल एकत्रच कोसळतं, पुन्हा उफणावं लागतं. बांधावर बसून पाहता पाहता रिद्धीच्या ध्यानात आलं, की काकीचं सूप वारा पडल्यावर थांबत नाही, आधी थांबतं. तिने घड्याळ लावून पाहिलं. दर वेळी दोन सेकंद आधी, एकदाही चूक नाही.

"काकी, थांबायचं तुला कसं कळतं?"

"मी कुठं थांबतंय गो? थांबवतान मला, तवा थांबतंय."

"कोण?"

काकीने सूप तिच्या हाती दिलं. "चढ वर. भिऊ नको."

दुपारभर रिद्धीचं अर्धं भात फोलासकट खाली आलं. संध्याकाळी मात्र, वारा चांगला भरात असताना, कुणी मनगट धरावं तसे तिचे हात आपोआप थांबले. आणि मग वारा पडला. तिने वळून पाहिलं; मागे कुणी नव्हतं. पण कित्येक महिन्यांनी त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

आठवड्याने, भर दुपारी, ती चेन्नईला विमान उतरवत होती. शेजारी उल्हासनगरचे कॅप्टन चंदर, डाव्या अंगाला काळा ढग. सातशे फुटांवर समोरच्या वाऱ्याच्या झोताने वेग अचानक पंधरा नॉट वाढला, आणि झोत फिरून तो घसरण्याआधीच तिच्या हाताने इंजिनांची ताकद वाढवायला थ्रॉटल पुढे रेटला होता. "विंडशिअर! गो अराउंड!" वारा फिरतोय, उतरणं सोडून वर चला, असं ती ओरडली; यंत्राचा इशारा त्यानंतर आला. चाकं, पंखांचे फ्लॅप काहीही न हलवता तिने साइडस्टिक ओढून विमानाचं नाक वर धरून ठेवलं. विमान थरथरत खाली दबलं, क्षणभर तिथेच अडकल्यासारखं झालं, आणि मग चढू लागलं.

ढग सरकेपर्यंत पंचवीस मिनिटं ती घिरट्या घालत राहिली. दुसऱ्या खेपेला चाकं अलगद टेकली. मागे कुणाचं तरी तान्हं मूल खळखळून हसल्याचं एअर होस्टेसने येऊन सांगितलं. नोकरी सोडण्याचा विचार रिद्धीच्या मनातून गेला होता, तो कधी गेला हेही तिला आठवेना.

प्रवासी उतरून गेल्यावर चंदर पट्टा सोडत तिच्याकडे वळले.

"मशीनच्या आधी समजलं तुला. कमाल आहे." मग आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू? तेवीस साल झाली, पण आज मी घाबरलेलो. तू खांद्यावर हात ठेवलास ना, तेव्हा बरं वाटलं."

रिद्धीने आपल्या हातांकडे पाहिलं. तेव्हा एक थ्रॉटलवर होता, दुसरा साइडस्टिकवर, शेवटपर्यंत.

"हो, सर," ती म्हणाली.