पहिला घोट

दोन अंगणांमधल्या भिंतीतलं दार विटांनी बुजवून बावीस वर्षं झाली होती. तेव्हा फिफामेची आई जेवून उठली आणि दोन तासांत गेली. जेवण भिंतीपलीकडून, सवतीच्या चुलीवरून आलं होतं. कुणी काही सिद्ध केलं नाही, कुणी विचारलंही नाही. बापाने गवंडी बोलावला, एवढंच. त्याच वर्षी फिफामे डेन्मार्कला दवाखान्यात नोकरीला गेली आणि आता साठी उलटल्यावर अलाडा गावाजवळच्या आपल्या अंगणात परतली. नवरा नाही, मूल नाही. आईची ती सवत कधीच वारली होती. पलीकडे तिचा मुलगा, फिफामेचा सावत्र भाऊ विन्यों, तेवढंच रक्ताचं माणूस उरलेलं. ते दार उघडावं आणि उरलेले दिवस माणसांत जावेत, याखेरीज फिफामेला काही नको होतं.

रविवारी प्रार्थना आटोपून विन्यों आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याला कुठे ठेवू नि कुठे नको असं तिला झालं, नुसती बडबडत सुटली.

"दादा, तिथे बाया तान्ह्या बाळाला गाडीत झोपवून दुकानाबाहेर ठेवतात आणि आत खुशाल कॉफी पीत बसतात."

"आणि कुणी उचलून नेत नाही?"

"कोण नेणार?"

"मग फार रडकी असतील पोरं." दोघंही हसली. विन्यों विटांकडे बघत म्हणाला, "गवंड्याला सांगू का गं उद्या?"

तिचे डोळे भरून आले. त्याच भरात ती आत धावली, वाडग्यात गार पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

विन्योंने हात पुढे केला नाही.

पाहुण्याला पाणी देण्याआधी घरच्याने त्यातला एक घोट घ्यायचा, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. भान येताच तिने अर्धा वाडगा घटाघटा पिऊन टाकला. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

"राहू दे. तहान नाही मला," विन्यों उठला. दाराशी थांबून म्हणाला, "इथे आपल्याच माणसांनी आपली माणसं धरून जहाजांवर विकली ना, तेव्हापासूनचा आहे हा घोट. तिकडे शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकलं नसेल, म्हणून पोरं बाहेर झोपतात."

तीन दिवस तिने स्वतःला बोल लावला. चौथ्या दिवशी सकाळी विन्योंची बायको आसिबा झाकलेलं भांडं घेऊन आली.

"तुमच्या भावाने पाठवलंय. अकासा आणि माशाचं कालवण. म्हणाले, परदेशी राहून विसरली बिचारी, त्यात एवढं काय? पोटभर जेवा म्हणे. दुपारी गवंड्याला घेऊनच येतायत." बाजाराचा दिवस होता, आसिबा टेकलीही नाही.

फिफामेने झाकण काढलं. धुरावलेल्या माशाचा वास आला आणि भूक खवळली. तिने मक्याच्या त्या मऊ गोळ्याचा तुकडा तोडला, कालवणात बुडवला, ओठांपाशी नेला. हात तिथेच थांबला. त्याच घरातली तीच चूल.

वेडी आहेस का, ती स्वतःवरच खेकसली. बावीस वर्षं परक्यांनी रांधलेलं ती वास न घेता जेवली होती. पण हात काही तोंडात जाईना. शेवटी तिने तो तुकडा कोंबड्यांपुढे कुस्करला. एवढाच, मग जेवायचं. कोंबड्यांनी खाल्लं, माती उकरली, आणखी मागू लागल्या. तिने आणखी घातलं. आई लगेच कुठे गेली होती?

सूर्य डोक्यावर आला ते तिला कळलंच नाही. मान वर केली तर विन्यों फाटकात उभा होता, मागे थापी घेतलेला गवंडी.

विन्योंने कोंबड्या पाहिल्या, आपलं भांडं पाहिलं. तो आला, तिच्यासमोर जमिनीवर बसला, एक घास तोडून सावकाश चावून गिळला.

"हा आधी मी खायला हवा होता. चुकलंच माझं."

"दादा, तसं नाही रे..."

विन्योंने भांड्यावर झाकण ठेवलं, भांडं काखेत घेतलं.

"चल," तो गवंड्याला म्हणाला. "भिंत चांगली आहे."

कोंबड्या भांड्यामागे फाटकापर्यंत गेल्या.